सगळे रिपोर्ट नॉर्मल

दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा गर्भ राहून गेला की जोडपं तपासण्यांना लागतं. दोघांचं रक्त जातं, सोनोग्राफी होते, कधी दुर्बिणीने पिशवी आतून पाहिली जाते. महिना-दीड महिन्याने डॉक्टर फाईल मिटतात आणि म्हणतात, ‘‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.’’ दुसऱ्या कुठल्याही दुखण्यात हे ऐकून माणूस पेढे वाटेल. इथे मात्र चेहरे उतरतात. काहीतरी सापडावं, अशीच आतून इच्छा असते; सापडलं तर त्यावर निदान औषध तरी असेल.

वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांच्या वाट्याला हेच उत्तर येतं. ते वाटतं तेवढं वाईट नाही, असं माझं म्हणणं आहे. पण ते पटायचं तर आधी या तपासण्या नेमकं काय शोधतात, त्यांतल्या कोणत्या खरोखर उपचार बदलतात आणि कोणत्या नुसत्या सवयीने लिहिल्या जातात, हे बघायला हवं.

गर्भपात ही मुळात किती नेहमीची गोष्ट आहे, याची आपल्याला कल्पना नसते, कारण तीन महिने कुणाला सांगायचंच नाही अशी रीत असते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२१ मध्ये जगभरची आकडेवारी एकत्र करून मांडली. दर वर्षी सुमारे २ कोटी ३० लाख गर्भपात. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे १५ टक्के. एकदा हा अनुभव आलेल्या स्त्रिया साधारण ११ टक्के, दोनदा आलेल्या २ टक्के आणि तीन किंवा अधिक वेळा आलेल्या १ टक्क्याहूनही कमी. ‘वारंवार’ म्हणायचं ते दोननंतर की तीननंतर, यावर डॉक्टरांच्या संघटनांचं एकमत नाही. युरोपातली संघटना दोननंतर तपासा म्हणते, लागोपाठच झालेले असावेत असाही तिचा आग्रह नाही. ब्रिटनची संघटना तीनवर आहे, पण २०२३ च्या आपल्या सूचनांत तिने डॉक्टरांना तारतम्याची मोकळीक दिली आहे. पस्तिशी ओलांडलेल्या बाईला ‘आणखी एकदा होऊ दे, मग बघू’ असं सांगणं मला तरी निष्ठुर वाटतं. आपल्याकडे बरेच डॉक्टर दोननंतरच हातात घेतात, आणि ते ठीकच आहे.

पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांचा हिशेब चुकलेला असतो. तेवीस आईकडून, तेवीस बापाकडून, एकूण शेहेचाळीस. त्यात एक जास्त किंवा एक कमी झालं की बहुतेक गर्भ काही आठवड्यांतच थांबतात. सोळा क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन वेळा येणं ही अशा गर्भपातांत सापडणारी फार नेहमीची चूक. असं सर्व पेशींत तिप्पट सोळावं असलेलं बाळ जन्माला येतच नाही, म्हणून बाहेरच्या जगाला त्याचं नावही ठाऊक नसतं.

ही चूक बहुतेक वेळा स्त्रीबीजात झालेली असते, आणि त्याचं कारण बीजाच्या वयात आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी बीजं तयार होतात आणि पेशीविभाजन अर्ध्यात थांबवून वाट पाहत बसतात. पस्तिसाव्या वर्षी जे बीज बाहेर पडतं, ते पस्तीस वर्षांहून अधिक काळ त्या अर्धवट अवस्थेत राहिलेलं असतं. पुन्हा विभाजन सुरू होताना गुणसूत्रांची वाटणी नीट न होण्याची शक्यता मग वाढते. नॉर्वेतल्या नोंदींवर आधारित २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात गर्भपाताचा धोका सत्ताविसाव्या वर्षी सर्वांत कमी, म्हणजे १० टक्क्यांच्या आसपास निघाला. पंचेचाळिशीनंतर तो ५० टक्क्यांच्या पुढे गेला. वय हे या सगळ्या विषयातलं सर्वांत मोठं कारण आहे, आणि नेमकी त्याचीच कुठलीही गोळी नाही.

हे एकदा समजलं की घरात चालणाऱ्या उलटतपासणीला काही अर्थ उरत नाही. पपई खाल्ली होतीस का, जिने किती चढलीस, स्कूटरवरून कशाला गेलीस, ग्रहणात काय करत होतीस. गर्भात जी चूक पहिल्याच दिवशी झाली, ती दीड महिन्यानंतरच्या स्कूटरमुळे होत नाही. सक्तीच्या अंथरुणाने गर्भ टिकतो, असंही कोणत्या अभ्यासात दिसलेलं नाही. तरी ‘पूर्ण बेड रेस्ट’ अजून सर्रास सांगितली जाते. रक्तगट जुळत नाही, हीदेखील अशीच एक समजूत. आई आरएच निगेटिव्ह असेल तर पुढच्या बाळासाठी अँटी-डीचं इंजेक्शन महत्त्वाचं असतं, आणि कोणत्या गर्भपातानंतर ते घ्यायचं हे डॉक्टर सांगतात; पण सुरुवातीच्या महिन्यांत पुन्हा पुन्हा गर्भ जाण्याचं कारण रक्तगट हे नसतं.

मग तपासायचं काय? माझ्या मते सर्वांत मोलाची तपासणी ही बाईची नसून गेलेल्या गर्भाची असते, आणि तीच सर्वांत जास्त वेळा हुकते. पिशवी साफ करून निघालेला भाग तपासून गुणसूत्रं चुकली होती का, हे कळू शकतं. मात्र त्यासाठी तो सलाइनच्या पाण्यात प्रयोगशाळेत जायला लागतो. ऑपरेशन थिएटरमधल्या सवयीने तो फॉर्मेलिनच्या बाटलीत पडला, तर नेहमीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी होते, द्राक्षगर्भासारखी गोष्ट त्यात दिसतेही. पण गुणसूत्रांच्या तपासणीसाठी तो नमुना जवळजवळ वाया जातो. म्हणून दुसऱ्या वेळी पिशवी साफ करायची वेळ आली, तर आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावं. पूर्वी या पेशी वाढवून मग पाहत. त्या कधी वाढतच नसत, कधी आईच्याच पेशी वाढून अहवाल ‘नॉर्मल’ यायचा. आता मायक्रोॲरे पद्धतीत पेशी वाढवाव्या लागत नाहीत. अहवालात गर्भाची गुणसूत्रं चुकलेली निघाली, तर त्या वेळेपुरतं कारण सापडलं, आणि ते योगायोगाचं होतं. बरोबर निघाली, तर मात्र आईच्या तपासण्या अधिक कसून करायला हव्यात. गर्भाची ही तपासणी खर्चिक आहे, पण अंधारात बाण मारून मग करण्यापेक्षा ती आधी केलेली बरी.

आईबापांचं कॅरिओटायपिंग, म्हणजे त्यांच्या गुणसूत्रांची तपासणी, हा याचाच पुढचा भाग. वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभर जोडप्यांतल्या दोन ते पाच जोडप्यांत एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे जागा बदलून बसलेले असतात. माल सगळा असतो, फक्त जागा चुकलेल्या. म्हणून त्या माणसाला स्वतःला काहीच त्रास नसतो. बीज किंवा शुक्राणू तयार होताना मात्र तुकडा कमी-जास्त जाऊ शकतो. असं निघालं की घरात ‘दोष कुणाचा’ हा प्रश्न आलाच. त्याचं उत्तर नवऱ्याकडे बोट दाखवणारं निघतं, तेव्हा कित्येक घरांत एकदम शांतता पसरते. अशा जोडप्यांना आयव्हीएफ करून गर्भ तपासून ठेवण्याचा मार्ग सुचवला जातो, पण नैसर्गिकरीत्या निरोगी मूल होण्याची शक्यताही त्यांच्यात बरीच असते. जनुकसल्लागाराशी बोलूनच पुढचं ठरवावं.

आता त्या एका आजाराकडे येऊ, ज्याच्यासाठी सगळी तपासणी सार्थकी लागते. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे १५ टक्के जणींत याची प्रतिद्रव्यं सापडतात. शरीर पेशींच्या आवरणातल्या काही स्निग्ध पदार्थांशी बांधल्या गेलेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. त्यामुळे रक्त गोठण्याकडे झुकतं, आणि वार नीट रुजण्याच्या कामातही ती अडथळा आणतात. या प्रतिद्रव्यांचा शोध आडवाटेने लागला. गुप्तरोगासाठी केल्या जाणाऱ्या व्हीडीआरएल तपासणीत कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ वापरतात. सिफिलिस नसतानाही काही जणींची ही तपासणी पॉझिटिव्ह यायची, आणि त्यांच्यात गुठळ्या आणि गर्भपात जास्त दिसायचे. लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये हे धागे एकत्र बांधले. गंमत अशी की यांतलं एक प्रतिद्रव्य परीक्षानळीत रक्त गोठायला उशीर लावतं आणि शरीरात मात्र गुठळ्या करतं. त्यामुळे नुसता गोठण्याचा वेळ पाहून काहींना उलटाच निष्कर्ष काढावासा वाटतो.

तपासण्या तीन आहेत: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. त्या एकदा पॉझिटिव्ह येऊन भागत नाही. किमान १२ आठवड्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह याव्या लागतात, कारण साध्या विषाणूच्या तापानंतरही ही प्रतिद्रव्यं काही काळ दिसतात आणि निघून जातात. हा बारा आठवड्यांचा थांबा घाईत असलेल्या जोडप्याला जड जातो. काही ठिकाणी तो पाळलाही जात नाही, आणि एका तात्पुरत्या अहवालावर बाई पुढची अनेक वर्षं ‘रक्त घट्ट असलेली’ म्हणून वावरते.

निदान पक्कं असेल तर उपचार स्पष्ट आहे: कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात झालेला आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग लहानच होता, ९० स्त्रियांचा. नुसती ॲस्पिरिन घेतलेल्यांपैकी ४२ टक्के जणींच्या पदरी मूल आलं, ॲस्पिरिनबरोबर हेपॅरिन घेतलेल्यांपैकी ७१ टक्के जणींच्या. म्हणून गर्भारपणात रोज पोटात सुई टोचून घेणाऱ्या बायका दिसतात. बेंबीच्या आजूबाजूला निळेजांभळे डाग पडतात, इंजेक्शनं स्वस्त नसतात, आणि तरी ज्यांना खरोखर हा आजार आहे त्यांच्यासाठी ती घ्यायलाच हवीत.

या यशाची एक अडचण झाली. हेपॅरिन चाललं म्हटल्यावर ते सगळ्यांनाच देऊन बघावंसं वाटू लागलं. रक्त पातळ केलं तर वारेचा रक्तप्रवाह सुधारेल, ऐकायला किती सोपं वाटतं. नेदरलँड्समध्ये कारण न सापडलेल्या ३६४ स्त्रियांवर प्रयोग झाला. एका गटाला ॲस्पिरिन आणि हेपॅरिन, दुसऱ्याला नुसती ॲस्पिरिन, तिसऱ्याला साधी औषधविरहित गोळी. २०१० मध्ये निकाल आला: मूल झालेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ५४.५, ५०.८ आणि ५७ टक्के. काहीच न घेतलेल्या गटाचा आकडा सर्वांत वरचा. मग म्हटलं गेलं की ज्यांच्यात रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष आहे त्यांना तरी उपयोग होईल. २०२३ मध्ये तोही निकाल लागला. ३२६ स्त्रिया, हेपॅरिन घेतलेल्यांत ७२ टक्के, न घेतलेल्यांत ७१.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. फॅक्टर फाइव्ह लायडन आणि प्रोथ्रोम्बिन जनुकातला बदल हे दोन दोष युरोपीय लोकांत बऱ्यापैकी आढळतात, म्हणून त्यांच्या तपासण्यांच्या यादीत आले. भारतीयांत पहिला दुर्मीळ आणि दुसरा जवळजवळ नसल्यातच जमा. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या आयसीएमआरच्या संस्थेने या विषयावर बरंच काम केलं आहे. तरीही ‘थ्रोम्बोफिलिया प्रोफाइल’ नावाचं महागडं पॅकेज इथे विकलं जातं. एमटीएचएफआर या जनुकाचा बदल त्यात हमखास सापडतो, कारण तो लोकसंख्येत मुबलक आहे, आणि सापडला की भीती वाढते, उपचार मात्र काहीच बदलत नाही. काही ठरावीक संसर्ग शोधणाऱ्या टॉर्च तपासणीची तीच गत. जुनं, होऊन गेलेलं इन्फेक्शन दाखवणाऱ्या आयजीजी प्रतिद्रव्यांवर महिनोन्‌महिने औषधं चालू असलेल्या बायका आपल्या आसपास सापडतील. टोक्सोप्लाझ्मा किंवा सायटोमेगॅलो यांचा संसर्ग एखादा गर्भ घालवू शकतो. पण एकदा होऊन गेल्यावर तो दर वेळी नव्याने गर्भ पाडत नाही. त्या यादीतली रुबेलाची तपासणी तेवढी कामाची, तीही लस घ्यायची का हे ठरवण्यासाठी.

तपासणी लिहून दिली की डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा: हिचा निकाल असा किंवा तसा आला तर तुम्ही काय वेगळं कराल? चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

पिशवीच्या रचनेची तपासणी मात्र करावीच, आणि त्रिमितीय सोनोग्राफीने ती हल्ली सोपी झाली आहे. आतून पिशवीचे दोन भाग करणारा पडदा असेल, तर दुर्बिणीतून तो कापतात. हे इतकं उघड वाटतं की कित्येक वर्षं कुणी प्रयोग करून पाहिलाच नाही. २०२१ मध्ये पहिला नीट प्रयोग प्रसिद्ध झाला, अवघ्या ८० स्त्रियांचा: पडदा कापलेल्यांत ३१ टक्के जणींना मूल झालं, न कापलेल्यांत ३५ टक्के जणींना. एवढ्या लहान प्रयोगावरून ती शस्त्रक्रिया निकालात काढता येत नाही, पण ‘पडदा आहे, लगेच कापून टाकू’ या आत्मविश्वासाला त्याने धक्का नक्कीच दिला आहे. आपल्याकडे याहून जास्त लक्ष द्यायला हवं ते पिशवीच्या आतल्या चिकटलेल्या थरांकडे. ते दोन कारणांनी होतात. एक, पिशवी पुन्हा पुन्हा खरवडून साफ केल्याने. दुसरं, पिशवीचा क्षयरोग. पाळी अगदी कमी यायला लागली असेल, तर ते आवर्जून सांगावं. थायरॉइड आणि साखर या दोन रक्ततपासण्या स्वस्त आहेत, उपचारही सोपा आहे, करून टाकाव्यात. तंबाखूबद्दल विचारलं की बायका नाही म्हणतात, आणि दातांना मिश्री लावणं हे तंबाखूत धरतच नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. पोटातल्या बाळाला त्याचा अपाय होतो; डॉक्टरांनी नावानिशी विचारायला हवं.

चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ जाणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि इथे आपल्या मातीतल्या एका माणसाचं नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. विठ्ठल नागेश शिरोडकर. १८९९ मध्ये गोव्यातल्या शिरोड्यात जन्म, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण, पुढे तिथेच आणि जेजे रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्याकडे अशा बायका यायच्या, ज्यांना पहिले तीन महिने काही अडचण नाही, कळा नाहीत, फारसं रक्त नाही. आणि मग एक दिवस पिशवीचं तोंड आपसूक उघडायचं आणि पूर्ण घडलेलं, पण जगण्याच्या बेताचं नसलेलं बाळ बाहेर यायचं. दर वेळी साधारण त्याच महिन्यात. शिरोडकरांनी ओळखलं की दोष गर्भात नाही, तो धरून ठेवणाऱ्या तोंडात आहे. त्यांनी मूत्राशय वर सरकवून, तोंडाच्या शक्य तितक्या वरच्या भागाभोवती एक पट्टी ओवून आवळली, पिशवीला नाडी घालावी तशी. सुरुवातीला ही पट्टी ते त्या बाईच्याच मांडीतल्या स्नायूंवरच्या चिवट आवरणातून काढत. १९५५ मध्ये ‘द अँटिसेप्टिक’ या मद्रासच्या मासिकात त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी मेलबर्नच्या इयन मॅक्डोनाल्ड यांनी सोपी आवृत्ती मांडली. साधा टाका, काढायलाही सोपा. आज बहुतेक ठिकाणी मॅक्डोनाल्डचाच टाका घालतात, पण उंच, भक्कम टाका हवा असेल तेव्हा शिरोडकरांची आठवण होते. १९७१ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, त्याच वर्षी ते गेले.

शिरोडकरांच्या टाक्यालाही कसोटीतून जावं लागलं. ब्रिटनमधून चाललेल्या आणि अनेक देशांत पसरलेल्या एका प्रयोगाचा निकाल १९९३ मध्ये आला, १२९२ स्त्रियांचा. सगळ्या मिळून पाहिल्या तर फायदा माफक होता: तेहतीस आठवड्यांच्या आत प्रसूती होण्याचं प्रमाण १७ टक्क्यांवरून १३ वर आलं. पण ज्यांना तीन किंवा अधिक वेळा असा अनुभव आला होता, त्यांच्यात ते ३२ वरून १५ टक्क्यांवर उतरलं. म्हणजे टाका योग्य बाईला घातला तर गुणकारी, सरसकट घातला तर नाही. म्हणून आता १६ आठवड्यांपासून आतल्या सोनोग्राफीने पिशवीच्या तोंडाची लांबी मोजत राहतात आणि ती २५ मिलिमीटरच्या खाली उतरली, तर टाक्याचा विचार करतात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत गर्भ जाणाऱ्या बाईला ‘सुरक्षेसाठी’ टाका घालण्यात काही हशील नाही.

उपचार करून बघण्याच्या या घाईने एकदा किती नुकसान केलं, ते विसरता येत नाही. डायइथाइलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक १९३८ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालं. १९४० च्या दशकाच्या शेवटी बॉस्टनच्या स्मिथ दांपत्याने ते गर्भपात टाळण्यासाठी द्यावं असा पुरस्कार केला आणि अमेरिकेत ते लाखो गर्भवतींनी घेतलं. १९५३ मध्येच शिकागोतल्या प्रयोगाने दाखवून दिलं की याचा काही उपयोग नाही. तरी ते देणं चालूच राहिलं, कारण डॉक्टरला काहीतरी द्यायचं होतं आणि बाईला काहीतरी घ्यायचं होतं. १९७१ मध्ये बॉस्टनमधून बातमी आली: कोवळ्या मुलींमध्ये योनीचा एक दुर्मीळ कर्करोग, आणि आठपैकी सात मुलींच्या आयांनी गर्भारपणी हेच औषध घेतलेलं. पुढे असंही दिसलं की या मुलींच्या गर्भाशयाची घडण बिघडलेली होती, आणि मोठ्या होऊन त्यांना स्वतःला गर्भपात जास्त झाले. गर्भपात टाळायला दिलेल्या औषधाने पुढच्या पिढीत गर्भपात पेरले.

त्या मानाने नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा प्रकार कमी घातक, पण गोष्ट तीच. १९८५ मध्ये लंडनमधल्या एका छोट्या प्रयोगाने आशा दाखवली आणि हा प्रकार जगभर पसरला. १९९९ मध्ये अमेरिकेत मोठा प्रयोग झाला, तेव्हा टोचलेल्यांत ३६ टक्के आणि न टोचलेल्यांत ४८ टक्के गर्भधारणा यशस्वी झाल्या. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने संशोधनाबाहेर त्यावर बंदी घातली. आपल्याकडे अजून कुणी ‘इम्यून थेरपी’ या भारदस्त नावाने हे सुचवलं, तर उठून यावं.

गर्भ टिकावा म्हणून दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचं उत्तर असं एका शब्दात देता येत नाही. कारण न सापडलेल्या ८३६ स्त्रियांना ते गर्भ राहिल्या राहिल्या दिलं गेलं. २०१५ मधला निकाल: मूल झालेल्यांचं प्रमाण ६५.८ विरुद्ध ६३.३ टक्के, म्हणजे फरक नाही म्हणण्यासारखा. पण त्याच संशोधकांनी नंतर सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्राव झालेल्या चार हजारांहून अधिक स्त्रियांवर ते पाहिलं. एकूण फरक थोडाच होता, मात्र आधी तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्या आणि आता रक्त दिसलेल्या स्त्रियांत ५७ टक्क्यांऐवजी ७२ टक्के जणींच्या पदरी मूल आलं. त्यावरून २०२१ मध्ये ब्रिटनने नियम केला: आधी एखादा गर्भपात झाला असेल, सोनोग्राफीत गर्भ पिशवीत दिसत असेल आणि रक्त दिसलं, तर योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन, ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. आपल्याकडे ते जवळजवळ प्रत्येकीलाच मिळतं. कोणाला द्यायचं हे आता ठाऊक असताना तसं का करावं, कळत नाही.

आता त्या ‘सगळं नॉर्मल’ फाईलचं काय? डेन्मार्कमधल्या एका केंद्राने वारंवार गर्भपात झालेल्या ९८७ स्त्रियांचा पाठपुरावा वर्षानुवर्षं केला. पहिल्या भेटीनंतर पाच वर्षांत दोन तृतीयांश स्त्रियांना मूल झालं होतं. विशीच्या सुरुवातीच्या स्त्रियांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे, चाळिशी ओलांडलेल्यांत ४० टक्क्यांच्या आसपास. रिपोर्ट नॉर्मल असण्याचा व्यावहारिक अर्थ बहुधा एवढाच असतो की आधीचे गर्भ चुकलेल्या गुणसूत्रांचे होते, आणि पुढचा बरोबर असण्याची शक्यता चांगली आहे. त्याला काही देण्याची गरज नसते, वाट पाहावी लागते. ‘काही करायचं नाही’ हे सांगायला डॉक्टरला धीर लागतो, आणि ऐकायला जोडप्याला त्याहून जास्त.

किती वाट पाहायची, यावरही सल्ले बदलले. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सहा महिने थांबा म्हटलं होतं. स्कॉटलंडमधल्या तीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी २०१० मध्ये तपासल्या गेल्या, तेव्हा सहा महिन्यांच्या आत पुन्हा गर्भ राहिलेल्यांचंच जास्त बरं झालेलं दिसलं. शरीर सावरलं असेल, मन तयार असेल आणि तपासण्या उरकल्या असतील, तर थांबण्याचं खास कारण नाही. फोलिक ॲसिड मात्र आधीपासून सुरू असावं.

पुढच्या वेळी दिवस राहिले की सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्यावी, ठोके दिसल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा, आणि शक्य तो त्याच डॉक्टरकडे. नॉर्वेतल्या १९८४ च्या एका अभ्यासात अशी वारंवार, आपुलकीची देखरेख मिळालेल्यांपैकी ८६ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ३३ टक्के जणींची गर्भधारणा पार पडली होती. गट चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा मानायचं कारण नाही. पण अशा देखरेखीत कोणाचं नुकसान नाही आणि काळजीने झोप उडालेल्या बाईला आधार नक्की आहे. सोनोग्राफीआधी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा फॉर्म एफ भरावा लागतो, त्यात हयात मुलगे किती, मुली किती, हे रकाने असतात. तीन-चारदा गर्भ गेलेल्या बाईला तिथे पुन्हा पुन्हा शून्य लिहावं लागतं. तो कायदा महाराष्ट्राला का हवा होता, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. पण काउंटरवरच्या मुलीने तो रकाना मोठ्याने विचारू नये, एवढं तरी करता येईल.

आणखी एक हक्क फार कमी जणींना माहीत असतो. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत काम करणाऱ्या, कायद्यातल्या कामाच्या दिवसांची अट पुरी केलेल्या स्त्रीला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने दिली, आणि सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती पुढे चालू ठेवली आहे. गर्भपातामुळे आजारपण आलं तर आणखी एक महिना. त्या सहा आठवड्यांत तिला कामावर बोलावण्यालाही मनाई आहे. ही रजा बाळंतपणाच्या रजेतून वजा होत नाही. डॉक्टरांचा दाखला लागतो. तो डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्यावा.